परत म्हणा

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी मी म्हणाले,
सहा-एक-सात, धावपट्टीच्या अलीकडे थांबा.
(म्हणाले इंग्रजीतच. ही कविता आहे, टेप नाही.)
उत्तर दोघांनी एकदम दिलं.
एका फ्रिक्वेन्सीवर दोन आवाज आले
की शब्द उरत नाहीत, शिट्टी उरते,
कुकरचं झाकण अर्ध्यात दाबून धरल्यासारखी.
त्या शिट्टीतून मला 'थांबतोय' ऐकू आलं.
मला तेच ऐकायचं होतं.

थांबला तो सहा-सात-एक.
त्याला कुणी थांबायला सांगितलंच नव्हतं.
आणि सहा-एक-सातच्या दिव्यांनी
पिवळी रेघ सावकाश ओलांडली,
दारातल्या चपला ओलांडून पाहुणा आत यावा तशी.

खाडीवरून तिसरा उतरत होता.
त्याला मी वर घालवलं.
माझा आवाज चिरकला, असं टेपमध्ये आहे.
कुणाला काही झालं नाही.
कुणाचा तरी चहा सांडला असेल.

चौकशीला मस्करेन्हस साहेब.
हेडफोन पुढे सरकवून म्हणाले, ऐक.
शिट्टी सोलून काढली होती त्यांनी, कांद्यासारखी.
आत एक 'थांबतोय', एक 'जातोय'.
मग विचारलं, परत का म्हणायला लावलं नाहीस?
मी म्हणाले, हां.
म्हणाले, हां म्हणजे काय?

रॉजर म्हणजे ऐकलं.
ऐकलं, एवढंच. करीन असं नव्हे, पटलं असंही नव्हे.
हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात.
बाबाला कुणी शिकवलं नव्हतं.

मी तेव्हा सातवीत. शाळेच्या पटांगणात मांडव.
माइक शिट्टी मारत होता.
साहेब वाचत होते : गट क्रमांक, क्षेत्र, मोबदला, भूखंड.
आणि हिराजी घरत पहिल्या रांगेत,
गोष्ट ऐकताना हुंकार द्यावा
तसा प्रत्येक वाक्याला, हां.
हां. हां साहेब.
कारकुनाने लिहिलं, संमती.
परत म्हणा, असं कुणी म्हटलं नाही.
खाली बाबाची सही आहे.
बाबाची सही सुंदर आहे, 'घ'ला शेपटी काढतो.

पुढे डोंगर फोडायला लागले
तेव्हा बाबा सुरुंगांवर वॉचमन झाला.
लाल झेंडा घेऊन ओरडायचा, मागं व्हा, मागं व्हा.
डावा कान तिथेच गेला.
उलवे नदी सरळ केली, वळणं भरून टाकली.
जिथे आमची होडी उलटी पडलेली असायची
त्याच्या जवळपास कुठेतरी
मी विमानांना थांबा म्हणते.
नक्की कुठे, ते टॉवरमधूनही सांगता येत नाही.

आता महिनाभर मला माइक नाही.
करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये बाबाच्या गोळ्या बघते.
पांढरी जेवणाआधी, अर्धी गुलाबी झोपताना.
परत म्हण.
"हां."
हां नाही, बाबा. परत म्हण.
"पांढरी जेवाचे आदी." थांबतो. "गुलाबी तुजे आईला दे."
आई जाऊन चार वर्षं झाली.
दुरुस्त करायला हवं होतं. चूक ऐकली की लगेच,
तीन सेकंदांच्या आत.
मी पाणी आणायला उठले.

संध्याकाळी गॅलरीत बसलो होतो.
बाबा रेलिंगला धरून काहीतरी सांगत होता,
मोठं वाक्य होतं, हातवाऱ्यांसकट,
आणि नेमकं डोक्यावरून एक गेलं, चाकं काढलेलं, खूप खाली.
बाबाचे ओठ हलत राहिले.
त्याला विमान ऐकू येत नाही, म्हणून तो थांबत नाही.

आवाज ओसरल्यावर तो माझ्याकडे बघत होता.
मी म्हणाले, हां.

बाबाने उजवा कान पुढे केला.
"काय हां? परत बोल."